आत्या कशाने गेली?

आमच्या आतेबहिणीला चाळिशीच्या आतच स्तनाचा कर्करोग झाला. आधी तिची जनुकीय तपासणी करा, दोष निघाला तर तिच्या मुलीचीही करा, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. एक काकू म्हणाल्या, “पोरीचं लग्न व्हायचंय, बोभाटा नको.” त्याची सवय आहे. पण आमचा डॉक्टर भाऊ म्हणाला, “ही श्रीमंत देशांची थेरं. आपल्या गरीब बाईला आधी साधी तपासणी मिळू दे.” तिथे माझं डोकं फिरलं.

मी पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका दवाखान्यात काम करते. आमच्याकडे येतात त्या मेक्सिको, ग्वातेमालाच्या बायका. हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. अनेकींकडे कागदपत्रं नाहीत, म्हणून ओबामाकेअर, म्हणजे सरकारी मदतीचा आरोग्यविमाही नाही. तरी त्यांच्याच वस्तीतली प्रोमोतोरा, म्हणजे आरोग्यसेविका, कागदावर वंशावळ काढायला बसते. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आई, मावश्या, आणि वडिलांकडच्याही सगळ्या, कारण बापात सदोष जनुक असेल तर त्याच्याकडूनही ते ५० टक्के शक्यतेने येतं. “आजी कशाने गेली?” यावर एकीने नुसता छातीवर हात ठेवला. त्यांच्या गावात आजाराचं नाव सांगणारं कोणी नव्हतं.

गरिबाला हे कशाला, म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकावं. मेक्सिकन वंशाच्या काही घरांत स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए१ या जनुकाचा ९ ते १२ एक्सॉनचा, म्हणजे त्यातल्या सलग चार खंडांचा, अख्खा तुकडाच गळालेला असतो. नुसता अक्षरक्रम वाचणाऱ्या जुन्या चाचणीत तो दिसत नसे. सिटी ऑफ होप या इथल्या कर्करोग केंद्राच्या जेफ्री वाइट्झेल यांच्या गटाने दक्षिण कॅलिफोर्नियातली हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेली कुटुंबं तपासली, म्हणून तो लक्षात आला. बीआरसीए१ सदोष असेल तर जन्मभरात स्तनाच्या कर्करोगाची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. २०१३ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने नैसर्गिक जनुकावरचं पेटंट नाकारलं आणि चाचण्या स्वस्त झाल्या. वंशावळीला तर कागद-पेन पुरतं.

आणि मुंबईतच टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने तपासणी करवली. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. अशाच सेविकेला “घरात आणखी कोणाला?” एवढं विचारता येणार नाही?

“तिथे बसून बोलायला तुझं काय जातं,” असं भाऊ म्हणतोच. जातं. आत्याही याच आजाराने गेली, आणि मला ते ती गेल्यावर कळलं. “तू लांब, उगाच काळजी करशील.” इथल्या बायका आईच्या मातीलाही जाऊ शकत नाहीत, गेल्या तर परत येणं नाही. माझ्याकडे पासपोर्ट आहे, तिकिटाचे पैसे आहेत, आणि तरी घरच्यांनी मला पाहुण्यांत बसवलं. ते मला अजून सलतं. तिचं रक्त माझ्यातही आहे, माझाही तक्ता अर्धा कोरा आहे.

भाची सज्ञान आहे. तिने विचारलं तर मी सगळं सांगणार, ग्रुपवर कोणी रुसलं तरी.