होडीत म्हैस मावत नाही

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हे आत्ताच लिहितोय. जुलैच्या शेवटी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला फोनवर यायला लागली की कोणी असलं काही वाचत नाही, आणि वाचून उपयोगही नसतो. तेव्हा सगळे फोटो बघतात. गळ्याइतक्या पाण्यातून डोक्यावर करडू घेऊन निघालेला माणूस, होडीच्या टोकाला बसलेलं भिजकं कुत्रं. मलाही ते फोटो बघून भरून येतं, खोटं कशाला बोलू. पण मुकी जनावरं वाचवायचं निम्मं काम त्या फोटोच्या आधी व्हावं लागतं आणि उरलेलं नंतर वर्षानुवर्षं पुरतं. त्या दोन्ही कामांकडे आपलं लक्ष नसतं, म्हणून मला हा विषय दरवर्षी डाचतो.

२०१९चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद, सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली. त्या आठवड्यात टीव्हीवर एकच पालुपद चाललं होतं, की लोक घर सोडायला तयार नाहीत, प्रशासनाचं ऐकत नाहीत. स्टुडिओतल्यांना तो अडाणीपणा वाटला. चिखली-आंबेवाडीत किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, लोक का अडून बसले ते. बोट येते, बोटीत दहा-बारा माणसं बसतात. गोठ्यात चार म्हशी, त्यातली एक गाभण, दुसरी नुकती व्यायलेली. बोटवाला म्हणतो, "चला लवकर, जनावरांचं मागनं बघू." मागनं म्हणजे कधी, ते त्यालाही माहीत नसतं. मग घरातली बायकापोरं बोटीत जातात आणि एक माणूस माळ्यावर थांबतो. आमच्या पाहुण्यांत असे दोघे थांबले होते. त्यांना काढायला पुन्हा बोट आली, पुन्हा तीच हुज्जत.

शहरातल्या मित्रांना हे पटत नाही. "जीव महत्त्वाचा की म्हैस?" असं विचारतात. अहो, दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल येतं, त्यावर किराणा चालतो, पोरांची फी जाते, सोसायटीचा हप्ता फिटतो. ऊस वर्षाने पैसे देतो, तेही कारखान्याच्या मर्जीने. चांगली मुऱ्हा जातीची म्हैस आज लाख-सव्वा लाखाच्या खाली हाताला लागत नाही. आणि पैशाचं सोडा, जिला रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून धार काढली, तिला पाण्यात बांधून ठेवून बोटीत चढायला कोणाचा पाय उचलेल? म्हणून मी म्हणतो, जनावरांची सोय हा पूर आला की आठवायचा भूतदयेचा विषय नाही. जनावरांची सोय झाली की माणूस आपणहून बाहेर पडतो.

पुरात जनावरं मरतात ती बहुतेक दाव्याला मरतात. म्हैस उत्तम पोहते, गाईबैलही पोहतात. पण रात्री पाणी चढलं, दार बाहेरून बंद, दावं खुंट्याला पक्कं, भिजून गाठ आवळलेली, आणि गळ्यात तेच दावं. मान वर धरता येते तोवर जनावर जगतं. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडे जो कहर केला, तेव्हाही दावणीलाच बुडालेल्या गाई लोकांना सापडल्या. तिकडच्या लोकांना आमच्यासारखी पुराची सवय नाही. दुष्काळी मुलूख, चारा छावणी माहीत, पूर माहीत नाही. कमरेएवढ्या पाण्यात अंधारात गोठ्याकडे जायचं ते कोण आणि कसं?

ज्यांना सवय आहे ते काय करतात ते बघा. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा जवळपास तितकंच आलं. पण २०१९ने पोळलेली नदीकाठची बरीच गावं पाणी पात्राबाहेर पडल्यापडल्याच जनावरं घेऊन निघाली होती. छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो आणायचा, तो बांधाला उलटा लावायचा, म्हणजे फळी चढवायची कटकट नाही. फाळक्याच्या आत पाचट पसरायचं, नाहीतर म्हशीचा खूर पत्र्यावर सरकतो आणि एकदा बसली की ती उठत नाही. आधी वासरू-रेडकू चढवायचं, आई मागोमाग येते. गाभण जनावर शेवटी नाही, पहिल्या खेपेला. हे सगळं कोरड्या रस्त्यावर, दिवसाउजेडी अर्ध्या तासाचं काम आहे. तेच पाणी उंबऱ्याला लागल्यावर चार बाप्यांनाही होत नाही, कारण टेम्पोवालाच येत नाही.

आता पुरातून काढलेली जनावरं ठेवायच्या छावणीचं. इथं मदत करणाऱ्या शहरी मंडळींवर माझा थोडा राग आहे, प्रेमाचा आहे पण आहे. २०१९ला बिस्किटांचे खोके आले, जुने कपडे तर इतके आले की त्याचे ढीग शेवटी भिजून कुजले. वैरण आणली ती मोजक्याच लोकांनी. एका मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-वीस किलो ओली वैरण आणि बादल्यांनी स्वच्छ पाणी लागतं. शंभर जनावरं म्हणजे रोज ट्रॉलीभर वैरण. काहींनी दयेपोटी जनावरांपुढे शिळ्या चपात्या, भात, ब्रेड ओतला. उपाशी जनावर ते अधाशासारखं खातं, पोट फुगतं, आणि पुरातून वाचलेलं जनावर छावणीत मरतं. डॉक्टर ओरडून ओरडून सांगत होते.

एक गोष्ट मी तिथंच पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. एका म्हशीचा मालक गावात अडकलेला, म्हैस शेजाऱ्याने आणलेली. तीन बायकांनी धार काढायचा प्रयत्न केला. म्हैस अनोळखी हाताला पान्हा सोडेना. रेडकू वाहून गेलेलं. कास दगडासारखी टणक झाली, सड लाल, हात लावला की लाथ. कासदाह. शेवटी एका आजीने तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं, पुढ्यात पेंडीचं आंबोण ठेवलं आणि कितीतरी वेळ नुसती तिच्या मांडीवरनं हात फिरवत, तोंडाने चुचकारत बसली. मग कुठं दोन सडांतनं चार धारा आल्या. त्या आजीचा फोटो कुठं छापून आला नाही. ती म्हैस पुढे दोन सडांवरच राहिली आणि दिवाळीनंतर निम्म्या किमतीत विकली गेली.

पूर ओसरला की सरकारी कागद सुरू होतात. आपत्तीत दुभती गाय-म्हैस दगावली तर केंद्राच्या निकषांप्रमाणे आधी ३० हजार मिळायचे, २०२२पासून ३७ हजार ५००. ओढकामाच्या जनावराला ३२ हजार, शेळी-मेंढीला ४ हजार, कोंबडीमागे १०० रुपये. तेही एका घरामागे तीनच मोठ्या दुभत्या जनावरांपुरतं. २०२५ला मराठवाड्यातल्या पुरानंतर राज्याने ही तीनची अट काढली, ते बरं झालं. पण पंचनाम्याला जनावर दाखवावं लागतं. वाहून गेलेली म्हैस कुठून दाखवणार? म्हणून कानातला तो पिवळा बारा आकडी बिल्ला लावून घ्या हो, म्हणजे ती तुमची होती याची नोंद तरी राहते! लोक अजून नाकं मुरडतात. "कान पिकतो," म्हणतात. कान आठवड्यात बरा होतो. घटसर्प, फऱ्या या जनावरांच्या रोगांची लसही पावसाआधीच लागते, पाणी आल्यावर टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला दिवस जातात.

अमेरिकेचं एक उदाहरण देतो. २००५ला न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळ आलं तेव्हा सुटकेच्या बसमध्ये कुत्र्यामांजरांना घेत नव्हते. कित्येक लोक त्यापायी घरातच थांबले. एका लहान पोराच्या हातातनं कुत्रं काढून घेतल्याची बातमी देशभर गाजली. वर्षभरात, २००६ला, तिथं कायदा झाला, की आपत्तीचा आराखडा करताना पाळीव प्राण्यांचाही विचार करावा लागेल. त्यांचा कायदा घरातल्या कुत्र्यामांजरांपुरता आहे, गोठ्यापर्यंत येत नाही. आपला प्रश्न गोठ्याचा जास्त. पण शिकायचं ते हे, की त्यांनी लोकांना "अडाणी" म्हणून सोडून दिलं नाही, नियम बदलला.

कुत्र्यांवर आलोच आहे तर तेही बोलून घेतो, कारण पुराच्या बातम्यांतला दुसरा लाडका प्राणी तोच.

पूर ओसरल्यावर गल्लीत अनोळखी कुत्री दिसायला लागतात. काही वाहत आलेली, काही कुणीतरी बोटीतनं आणून कोरड्यात सोडलेली. आणणाऱ्याला शाबासकी मिळते. पुढं काय? नव्या गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत. आठवड्याने ते एखाद्या गाडीखाली जातं, नाहीतर भुकेने हिंस्र होतं आणि मग त्याच गल्लीतले लोक महापालिकेला फोन करतात. जिथनं उचललं तिथं पाणी उतरल्यावर परत नेऊन सोडणं हे उचलण्याइतकंच मोठं काम आहे, पण तोपर्यंत उत्साह संपलेला असतो.

कुत्र्यांवरून भांडायची आपली परंपरा जुनी आहे, याचं मला हसू येतं. १८३२ला मुंबईत इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला म्हणून पारशी लोकांनी दंगल केली होती. दोन वर्षांत सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ, म्हणजे जनावरांचा आसरा काढला, तो अजून आहे. म्हणजे तेव्हा नुसत्या दंगलीवर भागलं नाही, जागा आणि पैसाही उभा केला गेला. आपण आता ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली सगळी कुत्री कायमची निवाऱ्यात टाका म्हटलं तेव्हा एका बाजूने भांडलो, आणि २२ तारखेला निर्जंतुक... चुकलो, निर्बीजीकरण आणि लस करून परत सोडा म्हटलं तेव्हा दुसऱ्या बाजूने. त्याच आदेशात म्हटलंय, की ज्यांना कळवळा आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, मात्र ती पुन्हा रस्त्यावर जाता कामा नयेत. त्या एका वाक्यावर कोणाची पोस्ट दिसली नाही.

आम्ही काहीजण अधूनमधून दत्तक शिबिर लावतो. टेबल, चादर, खोक्यात पिल्लं. येणाऱ्यांचे प्रश्न आता पाठ झालेत. "नर आहे का?" पहिला. "पांढरं आहे का?" दुसरा. "मोठं झाल्यावर केवढं होईल?" तिसरा, आणि हा विचारणारा मला आवडतो, कारण तो निदान पुढचा विचार करतोय. मादी पिल्लू कोणी नेत नाही. आपल्याकडे कुठल्या जातीची मादी नकोशी नसते, ते जाऊ दे. "पोरी-पोरी सोडल्यात मंडईत" असं म्हणत कोणीतरी पोत्यातनं चार आणून देतं. मादीचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हटलं तर "पाप लागतं" म्हणतात. वर्षाला दोनदा सात-आठ पिल्लं होऊन त्यातली निम्मी गाडीखाली किंवा पार्वोच्या रोगाने जातात, ते पाप कोणाच्या खात्यात?

म्हणून आम्ही घरी जाऊन बघून आल्याशिवाय पिल्लू देत नाही. त्यावर लोक चिडतात. "फुकटचं कुत्रं, आणि चौकशी पोलिसांसारखी." हो. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का? सुट्टीला गावी गेलात तर कोण बघणार? पोरगं दहावीला गेल्यावर आई म्हणणार नाही ना, की आता हे नको? लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली लॅब्रॅडोर आणि बर्फाळ मुलखातली हस्की कुत्री ऑफिसं सुरू झाल्यावर कुठं कुठं सापडली ते आमच्यातल्या कोणालाही विचारा. कोल्हापूरच्या मे महिन्यात हस्की! आधी ज्याने ते विकलं त्याला विचारायला पाहिजे.

भाकड गाईंचं मी मुद्दाम बोललो नाही. २०१५च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर तो गुंता वेगळाच झालाय, त्यावर पुन्हा कधीतरी, भांडायची तयारी करून.

आता नदीकाठच्या गावांतल्या मित्रांना एक सांगणं. ग्रामसभेत पुराचा विषय निघतो तेव्हा होडी, लाईफ जॅकेट, जनरेटर एवढंच लिहिलं जातं. त्यात वस्तीवार जनावरांची यादी घाला. कोणाकडे किती, गाभण किती, गोठ्याची किल्ली शेजारी कोणाकडे. उंचावरची कुठली शाळा, कुठलं मैदान, ते आधी बोलून ठेवा, तिथं पाण्याची सोय आहे का बघा. दोन टेम्पोवाले भाडं ठरवून बांधून ठेवा. गोठ्यात कोयता हाताला येईल असा अडकवा, गाठ सुटली नाही तर दावं तोडायला. पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा. आणि शहरातल्या ज्यांना पैसे पाठवायचेत त्यांनी ऑगस्टची वाट न बघता आत्ताच एखाद्या गावाची मुरघासाची, म्हणजे मुरवून टिकवलेल्या हिरव्या वैरणीची, दहा पोती भरून ठेवायला द्या, ती महिनोन् महिने टिकतात.

शेवटी आमची जाहिरात. काळी, मादी, साधारण दोन वर्षांची. ऑपरेशन झालंय, कानाला खाच आहे, रेबीजची लस झालीय. गेल्या पावसाळ्यात आली, तेव्हापासून आमच्याच पडवीत आहे, कारण वर लिहिलेल्या तिन्ही प्रश्नांत ती नापास होते. माणसांना चावत नाही. मांजराशी पटत नाही. फटाक्यांना घाबरून न्हाणीत जाऊन बसते आणि पोस्टमनवर तिचा जुना राग आहे. भाकरी-दूध, अंडं, भात, काहीही खाते. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीत कोणाला हवी असेल तर इनबॉक्समध्ये या. घर बघायला आम्ही येणार, चहा ठेवा.