'हाकललं' या शब्दाबद्दल

नमस्कार. अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (बॉल टाकणारा) एडविन जॅक्सन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, '१०७ जिंकले, १३३ हरले, १४ संघांनी हाकललं. अशा पिचरचं एवढं कौतुक कशाला?' आकडे बरोबर आहेत. 'हाकललं' हा शब्द मात्र मनाला लागला.

२५ जून २०१० चा सामना बघा. ॲरिझोनाचा जॅक्सन टॅम्पा बेविरुद्ध, म्हणजे आपल्याच जुन्या संघाविरुद्ध टाकत होता. पहिल्या तीन इनिंगमध्येच सात वॉक, म्हणजे चार-चार बॉल भलतीकडे टाकून सात वेळा बॅटरला पहिला बेस फुकट! तिसऱ्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले आणि बाद कुणीच नाही. तिथून त्याने एकही रन दिली नाही. हल्ली पिचरचे शंभर बॉल झाले की त्याला बाहेर काढायची घाई होते; हा १४९ टाकून थांबला. आठ वॉक, हिट एकही नाही, १-० ने विजय. अख्ख्या सामन्यात एकही हिट न देणं, म्हणजेच नो-हिटर! आणि जेमतेम पाच आठवड्यांत ॲरिझोनाने दुसऱ्या खेळाडूंच्या बदल्यात त्याला शिकागो व्हाइट सॉक्स संघाला दिलं. याला हाकलणं म्हणायचं?

पुढच्या वर्षी २७ जुलैला टोरोंटोने त्याला घेतलं आणि त्याच दिवशी सेंट लुइसला दिलं. त्या सौद्यात त्याच्याबरोबर ऑक्टाव्हियो डोटेलही होता. सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा या डोटेलचा विक्रम, १३ संघांचा, जॅक्सनने २०१९ मध्ये मोडला, तोही टोरोंटोचीच जर्सी घालून. आणि सेंट लुइसने, जॅक्सन संघात असताना, २०११ ची वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं विजेतेपद जिंकलं.

राहिला हार-जितीचा हिशेब. बेसबॉलमध्ये संघाची हार-जीत एका पिचरच्या नावावर लिहितात. आपल्या बॅटर्सनी रन काढल्या नाहीत तर पिचर काय करणार? मी वेगळा आकडा बघतो: २००७ ते २०१३, सलग सात हंगाम, दरवर्षी किमान ३१ सामन्यांत पहिला बॉल त्याने टाकला. ज्या धंद्यात कोपर आणि खांदे जातात, तिथे दर पाच-सहा दिवसांनी हजर राहणारा माणूस प्रत्येक संघाला हवा असतो. म्हणून तर त्याला मागणी होती.

एक मात्र तुमचं खरं. शिकागोच्याच दुसऱ्या संघाने, कब्जने, त्याला ५ कोटी २० लाख डॉलर्सचा चार वर्षांचा करार दिला, आणि पहिल्या दोन हंगामांत १४ विजय, ३३ पराभव. हे मी लेखात एका ओळीत उरकलं, ते चुकलंच. आज तो भाग नव्याने लिहितो. त्यातच २०२१ चं टोकियोही येईल, सदतिसाव्या वर्षी अमेरिकेच्या संघातून मिळवलेलं ऑलिंपिकचं रौप्यपदक.