डीएसआयपी टोचून घेण्याआधी हे वाचा

झोप लागत नाही म्हणून डीएसआयपी नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, ऑनलाइन मागवायचं आणि घरच्या घरी पोटात टोचून घ्यायचं, हा प्रकार आता आपल्या नागपुरातही सुरू झालाय. मी औषधाच्या दुकानात बसते, त्यामुळे इन्सुलिनची सिरिंज मागणाऱ्याला खरंच शुगर आहे की दुसरंच काही चाललंय, हे दोन प्रश्नांत कळतं. म्हणून स्पष्ट लिहिते: डीएसआयपी हे औषध नाही. घेणाऱ्यांवर माझा राग नाही. रात्र रात्र तळमळणारा माणूस काय वाट्टेल ते करून बघतो. राग आहे तो विकणाऱ्यांवर.

यामागचं विज्ञान मात्र खरंच सुंदर आहे. पूर्ण नाव डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात शोनेनबर्गर आणि मोनिए यांनी सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमसला विजेची सौम्य उत्तेजना देऊन त्यांना झोपवलं. त्यांच्या मेंदूकडून परत येणारं रक्त घेतलं आणि त्यातून हा रेणू वेगळा केला. अवघ्या ९ अमिनो आम्लांची साखळी. जाग्या सशांना ती दिल्यावर मेंदूच्या आलेखात डेल्टा लहरी, म्हणजे गाढ झोपेतल्या संथ लहरी, वाढलेल्या दिसल्या. १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा झोपेची किल्लीच सापडली असं अनेकांना वाटलं असेल तर नवल नाही.

पुढे गाडी अडली. शरीरात एखादं पेप्टाइड तयार होतं म्हटलं की त्याचा जीन कुठेतरी असायला हवा आणि ते जिथे जाऊन काम करतं तो रिसेप्टरही असायला हवा. डीएसआयपीच्या बाबतीत दोन्ही पक्के सापडले नाहीत. प्राण्यांवरचे प्रयोग कधी जमले, कधी नाही. २००६ च्या एका आढावा लेखाने तर मथळ्यातच त्याला ‘न सुटलेलं कोडं’ म्हटलं. शिवाय रक्तातली एन्झाइम्स ते काही मिनिटांतच तोडायला लागतात.

याच्याशेजारी ओरेक्सिन ठेवून बघा. तेही मेंदूतलं पेप्टाइड, पण जागं ठेवणारं. १९९८ मध्ये सापडलं, जीन कळला, दोन रिसेप्टर कळले, नार्कोलेप्सीत, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारात, तेच कमी पडतं हे उलगडलं आणि २०१४ मध्ये त्याचे रिसेप्टर अडवणारी झोपेची गोळी अमेरिकेत मंजूरही झाली. रेणूचं काम नीट कळलं की औषध असं पुढे येतं. डीएसआयपी त्याच्या २१ वर्षं आधीचं, आणि अजून तिथेच.

माणसांवर अभ्यास झाले, नाही असं नाही. ऐंशीच्या दशकात काही छोट्या अभ्यासांत आशा दिसली. पण १९९२ चा एक डबल ब्लाइंड अभ्यास, म्हणजे खरं औषध कोणाला हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही असा, मला महत्त्वाचा वाटतो. निद्रानाशाचे जुने १६ रुग्ण. यंत्राच्या नोंदीत झोप जराशी सुधारलेली दिसली, पण रुग्णांना स्वतःला आपली झोप बरी झाली असं काही वाटलं नाही. उपचार म्हणून यातून फार काही हाती लागणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनीच काढला. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. तिथे नुसते ससे आणि डेल्टा लहरी.

एका ओळखीच्या मुलाने अशी बाटली मला दाखवायला आणली होती. बोटाएवढी काच, तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती, वर निळं झाकण. लेबलवर मिलिग्रॅमचा आकडा आणि ‘फॉर रिसर्च यूज ओन्ली’. उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही. ‘ताई, यात पाणी किती टाकू?’ म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आत काय आहे हे मला सांगता येत नाही, तर पाणी किती ते कसं सांगू? त्याने मोबाइलवर शुद्धतेचा रिपोर्ट दाखवला, ९९ टक्के. पण तो आकडा रेणूच्या शुद्धतेचा असतो. भुकटी निर्जंतुक आहे का, त्यात जंतूंचं विष, म्हणजे एन्डोटॉक्सिन, आहे का, हे त्यावरून कळत नाही. आणि इंजेक्शनमध्ये ताप, थंडी, गळू हे सगळं तिथूनच येतं. वर ४५ डिग्रीच्या मे महिन्यात ते पार्सल किती दिवस कुठल्या गोदामात पडून होतं, हे विचारायचं कोणाला?

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०२३ मध्ये हेच पेप्टाइड ‘एमिडेल्टाइड’ या नावाने सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती उभी करेल का, ही त्यातली एक काळजी. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, हे तर कोणी नीट तपासलेलंच नाही. ‘साइड इफेक्ट नाहीत’ म्हणणाऱ्याला विचारा, बघितले कोणी?

मला खरी चीड इथे येते. अल्प्राझोलाम या झोप आणणाऱ्या गोळीची एक स्ट्रिप द्यायची तर मी चिठ्ठी बघते, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, गोळ्यांची संख्या एच-वनच्या, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या, रजिस्टरात लिहिते आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपून ठेवते. बरोबरच आहे ते, तसंच व्हायला हवं. आणि ही बाटली? ना चिठ्ठी, ना नोंद, थेट दारात.

झोपेवर ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे त्याचं मार्केटिंग कोणी करत नाही. सीबीटी-आय ही निद्रानाशासाठीची वर्तन उपचारपद्धती. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं, जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हाच. उठायची वेळ रोज एकच, झोप लागत नसेल तर पलंगावरून उठून जायचं, अंथरुणात मोबाइल नाही. पहिले काही आठवडे जड जातात, हे खरं. ज्यांच्या घोरण्याने घर जागं राहतं त्यांनी आधी स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, तपासणी करावी. मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांचा प्रश्न पुन्हा वेगळा, तिथे शिफ्टबद्दल बोलावं लागतं. खर्चाची चिंता असेल तर आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. झोपेसाठी तिथे गेलं म्हणून कोणी वेडं ठरत नाही.

आणि ज्यांनी हे आधीच टोचून घेतलंय त्यांनी लाजू नका, डॉक्टरांपासून लपवू तर अजिबात नका. टोचल्या जागी लाली किंवा गाठ आली, ताप आला तर दाखवायला जाताना ती बाटलीही सोबत न्या. आधीपासून झोपेच्या गोळ्या चालू असतील तर पेप्टाइडच्या भरवशावर त्या एकदम बंद करू नका, विशेषतः अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या. त्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते.