फक्त फॉर्नेल-लार्करवर विसंबू नका
प्रश्नावलीवर आधारित संशोधनाबद्दलच्या या लेखात भेदक वैधतेसाठी, म्हणजे दोन संकल्पना खरंच वेगवेगळ्या मोजल्या जातायत का हे तपासायला, फॉर्नेल आणि लार्कर यांचा (१९८१) एकच सांख्यिकी निकष दिलाय, ते खटकलं. दोन संकल्पना जवळपास एकच असल्या तरी हा निकष बऱ्याचदा त्यांना वेगळ्या म्हणून पास करतो, हे हेन्सेलर, रिंगल आणि सार्स्टेट यांनी २०१५ मध्ये सिम्युलेशन करून दाखवलंय. त्यांनी सुचवलेलं एचटीएमटी गुणोत्तर (दोन संकल्पनांच्या विधानांमधला परस्परसंबंध एकाच संकल्पनेच्या विधानांमधल्या संबंधाच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) ०.८५ च्या वर गेलं (संकल्पना मुळातच जवळच्या असतील तर ०.९० च्या), की आधी प्रश्नावली उघडून वाचावी. ‘कामात माझं मन रमतं’ हे विधान कार्यसमाधानाखाली आणि ‘काम करताना मी रंगून जातो’ हे कार्यमग्नतेखाली टाकलं, तर उत्तर देणारा दोन्हीकडे तोच पर्याय निवडणार ना! अशा वेळी नुसती विधानं गाळून आकडा खाली आणणं मला अजिबात पटत नाही. व्याख्याच पुन्हा तपासायला हवी. विद्यार्थ्यांसाठी लेखात एवढं जरूर जोडा.