बाजरी न्या, पण आधी पीठ चाखून बघा

ट्रेकवाल्यांच्या ग्रुपांतून एक मेसेज फिरतोय: 'कॅम्पिंगला कणीक नेऊ नका, बाजरीचं पीठच न्या. महिनाभर टिकतं, गव्हाच्या दुप्पट ताकद देतं, ग्लूटेन नाही, तव्याशिवाय काही लागत नाही. मावळे हेच खाऊन लढले.' 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून अशा मेसेजांना पीकच आलंय. मी स्वतः बाजरीवाल्या घरातला. भोगीला तीळ लावलेली भाकरी नसेल तर आमच्याकडे सण झाला असं कुणी म्हणत नाही. तरीही सांगतो, या मेसेजात गफलत आहे.

महिनाभर टिकण्याचं तर सपशेल उलटं आहे. बाजरीत शंभर ग्रॅममागे साधारण 5 ग्रॅम तेल असतं, गव्हात दोनाच्या आसपास. दाणा अख्खा आहे तोवर काही बिघडत नाही. दळला की दाण्यातलंच लायपेज नावाचं विकर त्या तेलाचं विघटन करायला लागतं आणि पीठ कडू होतं. उकाड्यात तर आठवडाभरातच वास बदलतो. शिवाय पिठाची विरी जाते, म्हणजे गोळा धरून ठेवण्याचा चिकटपणा संपतो.

हे मी भंडारदऱ्याच्या काठावर शिकलो. डिसेंबरची रात्र, डब्यात तीन आठवड्यांचं पीठ, बाटलीत बर्फासारखं पाणी. थापलेली भाकरी ताटातून उचलली आणि हातात अर्धीच आली. दुसरीही तशीच. मग आधण ठेवलं, उकळतं पाणी घालून पीठ पुन्हा मळलं, तेव्हा कुठे एक धड उतरली. ती कडवट. शेवटी शेंगदाण्याची चटणी नुसतीच चाटली.

'तव्याशिवाय काही लागत नाही' म्हणणाऱ्याने छोट्या गॅसवर भाकरी केलेली नसावी. ती बोटभर ज्योत तव्याच्या मधोमध लागते. मध्ये करपतं, कडा कच्च्या. भाकरीला पसरट आच हवी आणि शेवटी निखारा, तेव्हा पदर सुटतो. परात हवी, आधणाचं जास्तीचं पाणी हवं, आणि मुख्य म्हणजे थापता येणारा हात हवा. तो सॅकमध्ये भरता येत नाही.

दुप्पट ताकद? शंभर ग्रॅम गहू काय, बाजरी काय, दोन्हींतून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. बाजरीत लोह जास्त असतं हे खरं, पण दोन दिवसांच्या ट्रेकला त्याने काय फरक पडणार?

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. ते नसणं ज्याला गहू सोसत नाही त्याच्यासाठी मोलाचं. त्याने खुशाल भाकरीच करावी. बाकीच्यांना हेडलॅम्पच्या उजेडात ग्लूटेनच तारतं: कणकेचा गोळा ताणला तरी तुटत नाही, गार पाण्यात मळला तरी चालतो, काठीला गुंडाळून निखाऱ्यावर धरला तरी गळून पडत नाही.

राहिले मावळे. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची धो धो पावसाची खोरी. तिथलं पीक भात, नाचणी, वरई. बाजरी पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली, शिरूर-पारनेरकडची. मावळ्याच्या फडक्यात भाकरी असलीच तर ती नाचणीची असण्याचा संभव जास्त.

आता मी काय नेतो ते सांगतो. चौघांच्या एका जेवणाला अर्धा किलो जाडसर कणीक, घरीच मीठ, ओवा आणि चार चमचे तेलाचं मोहन चोळून पिशवीत बांधलेली. मुक्कामी फक्त पाणी घालायचं, घट्ट मळायचं, आणि विदर्भातल्या रोडग्यांसारखे गोळे करून निखाऱ्यात भाजायचे. (अभयारण्यात चूल पेटवायची नाही, तिथे तव्यावर जाड पोळ्या.) मैदाही चालतो, पण गार झाला की चामडं.

बाजरी न्यायचीच असेल तर थंडीत न्या, निघायच्या आदल्या दिवशी गिरणीतून दळून आणा, आणि डबा भरण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवा. कडू लागलं तर पीठ घरीच राहू द्या.