मळलेले वायरिंग धुवावे की बदलावे: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

यामाहा आरएक्स १०० या जुन्या मोटरसायकलच्या पुनर्बांधणीवरील लेखात मी मूळ वायरिंग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे प्लग) साफ करून पुन्हा त्याच गाडीला बसवल्याचे लिहिले होते. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे आहेत: तीस वर्षांच्या वायरिंगवर एवढा वेळ घालवणे हे हौशी माणसाचे लाड आहेत, कारण नवे किट सहज मिळते, साफ करायचेच असेल तर गॅरेजमध्ये करतात तसे पेट्रोलच्या बोळ्याने पाच मिनिटांत होते, विजेच्या वस्तूला पाणी लावणे धोक्याचे आहे, आणि कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरणे म्हणजे विजेच्या वाटेत आपणच अडथळा उभा करणे आहे. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे, की समुद्राकाठी वापरलेल्या गाडीचे वायरिंगही मी असेच धुऊन वापरले असते का.

पेट्रोलपासून सुरुवात करतो, कारण खरे नुकसान तिथे होते. वायरवरचे पीव्हीसीचे आवरण मुळात कडक असते. त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळलेले असते, म्हणून ते लवचिक राहते. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन मळाबरोबर हे द्रव्यही ओढून घेते. पुसल्याबरोबर वायर लख्ख दिसते, आणि मेकॅनिकचा या पद्धतीवर विश्वास बसतो तो याच कारणाने. पुढे आवरण ताठ होत जाते आणि हँडलबरोबर जिथे वायरिंग सतत वाकते, त्या स्टिअरिंगच्या गळ्यापाशी ते तडकू लागते, तेव्हा गाडी त्याच्या गॅरेजमध्ये नसते. रॉकेल त्या मानाने सौम्य असले तरी मागे तेलकट थर ठेवते आणि त्यावर नवी टेप धरत नाही. जुन्या टेपचा डांबरासारखा चिकटा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले फडके पुरते. घरोघरी उरलेले सॅनिटायझर मात्र त्यासाठी वापरू नये, कारण त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ग्लिसरीन असते आणि ते स्वतःच चिकट राहते.

पाण्याबद्दलची भीती मला समजते, पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. हेच वायरिंग इतके पावसाळे चिखलाच्या पाण्यात भिजले आहे, आणि तेही बॅटरी जोडलेली असताना. तांब्या-पितळेचे खरे नुकसान ओलावा, क्षार आणि विजेचा दाब एकत्र आले की होते. म्हणूनच सतत पॉझिटिव्ह असलेल्या पिनांवर हिरवे बुरशीसारखे थर लवकर चढलेले दिसतात. गाडीतून पूर्ण उतरवलेल्या वायरिंगमध्ये वीज नसते. सीडीआय (ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक युनिट), रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि स्विच बाजूला काढून ठेवावेत, उरलेले वायरिंग भांड्याच्या पातळ साबणाने आणि मऊ टूथब्रशने धुवावे, शेवटचे पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्यावे. वायर पाण्यात भिजत मात्र ठेवू नये, आणि कापलेली टोके पाण्याबाहेर राहतील हे पाहावे, कारण तारांच्या बारीक फटींतून पाणी आवरणाखाली वर चढते आणि तिथून ते सहज वाळत नाही. धुतल्यावर कपलरमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारून वायरिंग सावलीत टांगावे. पावसाळ्यात वाळायला बराच वेळ लागतो, तेवढा तो द्यावा.

आता धुण्याचा मूळ हेतू. गाडी छान दिसावी म्हणून मी वायरिंग धूत नाही. टेपखाली ते कोणालाच दिसत नाही. यामाहाच्या पद्धतीत तपकिरी वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या वीजपुरवठ्याची असते आणि गडद तपकिरी डाव्या इंडिकेटरची. हिरवी लो बीमची आणि गडद हिरवी उजव्या इंडिकेटरची. ऑइल आणि धुळीचा थर बसल्यावर या चारही वायर सारख्याच काळपट दिसतात, आणि त्या अवस्थेत जोडणी चुकली तर किल्ली फिरवताच फ्यूज उडू शकतो. मळ निघाला की रंग दिसतात. त्याचबरोबर सायलेन्सरला टेकून वितळलेली जागा, घासून उघडी पडलेली तार आणि कधीकाळी रस्त्याच्या कडेला दोन वायरी पिळून वर सेलोटेप गुंडाळलेला जोडही दिसतो. असा जोड कळकट वायरिंगमध्ये बोटांनाही लागत नाही.

नवे किट हा तुमचा सर्वांत सबळ मुद्दा आहे, आणि तो मी सरसकट नाकारत नाही. पण आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज पुण्याच्या नाना पेठेत या गाडीचे म्हणून जे किट पुढे केले जाते, ते बहुधा दुसऱ्याच कोणीतरी बनवलेले असते, आणि त्यात तांबे किती जाडीचे आहे, रंग मूळचे आहेत का आणि फांद्यांची लांबी बरोबर आहे का, हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. चांगले किट मिळाले तर जरूर घ्यावे. जुने मात्र केवळ मळले आहे म्हणून फेकू नये. ते निकामी झाले आहे का, हे मोजून ठरवावे.

मोजायचे ते मल्टीमीटरच्या ‘बीप’वर नव्हे. एका वायरमधल्या बहुतेक तारा तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर आनंदाने बीप देतो. ओहममध्ये मोजावे, तर साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरी ०.२ ते ०.३ ओहम दाखवतात, आणि आपण शोधत असलेला दोष नेमका तेवढाच असतो. म्हणून वायरिंग कामाला लावून मोजावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून २१ वॅटचा ब्रेकलाइट लावावा. त्यातून साधारण पावणेदोन ॲम्पिअर करंट वाहतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे होल्डरमागच्या पॉझिटिव्ह जोडाला लावले की वाटेत किती व्होल्ट गळतात ते थेट दिसते. मग तसेच बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या अर्थपर्यंत पाहावे. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ते वायरिंग टाकण्याचे कारण मला दिसत नाही. एक व्होल्ट गळत असेल, तर साध्या फिलामेंट बल्बचा सुमारे पाव भाग उजेड तिथेच गेलेला असतो. हेडलाइट बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोवर (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर) चालत असेल तर इंजिन चालू ठेवून आणि मीटर एसीवर घेऊन, बल्बपाशी किती व्होल्ट पोहोचतात ते पाहावे लागते.

अशी गळती सापडते तेव्हा ती लांबच लांब वायरीत क्वचितच असते. ती इग्निशन स्विचमध्ये, फ्यूज होल्डरच्या सैल पडलेल्या पट्टीत किंवा अर्थच्या बोल्टखाली असते. पुनर्बांधणीत तर हे हमखास घडते: चेसिसला नवे पावडर कोटिंग करून आणायचे, अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) त्या सुंदर थरावर घट्ट आवळायचा आणि मग दिवे मंद का म्हणून वायरिंगला दोष द्यायचा. तो थर वीज वाहून नेत नाही. लगखालची जागा धातू दिसेपर्यंत खरवडावी. पिनांना मात्र पॉलिश पेपर लावू नये, कारण पितळेवरचा कथलाचा मुलामा निघून गेला की ते अधिक वेगाने काळे पडते. सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात फक्त धातूचे टोक थोडा वेळ बुडवावे, लगेच खायच्या सोड्याच्या आणि नंतर स्वच्छ पाण्यात खळबळावे. सैल झालेली पिन साफ करून उपयोग नाही. ती बदलावी, आणि नवी पिन क्रिंपिंग पक्कडीने (पिन तारेवर दाबून बसवणाऱ्या पक्कडीने) बसवावी.

ग्रीसबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धे बरोबर आहे: सिलिकॉन ग्रीस वीज वाहून नेत नाही. पण घट्ट पिन आत सरकताना धातू धातूला टेकतो तिथून ते बाजूला सारले जाते आणि भोवतालच्या पोकळीत राहून ओलावा अडवते. पिन सैल असेल तर ग्रीसने काहीच साधत नाही.

समुद्राकाठच्या गाडीचे उत्तर वेगळे आहे. तिथे क्षार आवरणाखाली शिरलेले असतात. वायरच्या टोकाचे आवरण दोन-तीन सेंटिमीटर सोलून पाहावे. आतल्या तारा काळ्या किंवा हिरव्या असतील तर आणखी सोलावे, आणि वीतभर आत जाऊनही चकाकते तांबे लागले नाही तर ती वायर धुऊन सुधारणार नाही, कारण काळ्या तारेवर नवी पिन दाबली तरी जोड चांगला होत नाही. एक-दोनच वायरी अशा असतील तर त्याच रंगाच्या आणि जाडीच्या वायरी घालून काम भागते. बहुतेक तशाच निघाल्या तर मी पूर्ण वायरिंग नवे बांधून घेईन. पण तेव्हाही जुने आधी धुईन, प्लायवुडच्या फळीवर पसरून खिळ्यांनी अडकवीन आणि कोणती फांदी कुठून फुटते, किती लांब आहे, कोणत्या रंगाची वायर कोणत्या कपलरच्या कितव्या घरात जाते हे त्यावरून उतरवून घेईन.