बारीक माणसालाही साखर होते

"वजन आटोक्यात असेल तर मधुमेहाची चिंता नको" हे मधुमेहावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. आमच्या ह्यांचं वजन 58 किलो, लग्नातली पँट आजही बसते. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलायची. रात्रपाळीला मी दिलेला डबा दहालाच संपायचा, मग पहाटे तीनला झोप उडवायला दोन चमचे साखरेचा चहा आणि क्रीमची बिस्किटं. अशी अकरा वर्षं गेली. चाळिशीत तपासणी केली तर एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 8.4, म्हणजे मधुमेहच! "तुम्ही कुठे जाड आहात?" म्हणत तोवर कुणी साखर तपासलीच नव्हती, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच कित्येक वर्षं सांगत आले आहेत. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, काट्यावर ती दिसणार कशी? म्हणून लेखकाला कळकळीची विनंती, ते वाक्य बदला. वजनाच्या जोडीला कंबरेचा घेर लिहा (भारतीय पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80 ही मर्यादा धरतात), आणि रात्रपाळी करणाऱ्यांना वजन न बघता साखर तपासायला सांगा. ह्यांच्या पाळीतले आणखी दोघे बारीकच आहेत, त्यांनी अजून तपासलेलं नाही.